कव्हरालाही कव्हर

अमेरिकेत मुलाकडे गेलेल्या निवृत्त बापासाठी तिथल्या घरात मोजकीच पदं असतात. एक, डिशवॉशर भरणं. (आपण तो भरला की सूनबाई हसून "थँक्यू बाबा" म्हणतात आणि आपण वर झोपायला गेलो की सगळा उपसून पुन्हा भरतात.) दोन, नातवाच्या शाळेची बस येते त्या कोपऱ्यावर उभं राहणं. तीन, कुरिअरची रिकामी खोकी चपटी करून दोरीनं बांधणं. न्यू जर्सीत आमच्या मुलाच्या घरी पहिली दोन पदं आमच्या हिनं उतरल्या उतरल्या बळकावली. खोकी बांधायला फार वेळ लागत नाही. तेव्हा माझ्यासाठी चौथं खातं काढण्यात आलं: जुन्या कार्डांची प्लास्टिकची कव्हरं बदलणं.

कार्डं म्हणजे रमीची नव्हेत. ट्रेडिंग कार्ड. अडीच इंच बाय साडेतीन इंचाचा पुठ्ठा, पुढे बेसबॉलच्या खेळाडूचा फोटो, मागे त्याच्या कारकिर्दीचे आकडे. अमेरिकेत हा प्रकार सव्वाशे वर्षांहून जुना. सिगारेटचं पाकीट चेपू नये म्हणून आत घालायच्या पुठ्ठ्यावर खेळाडू छापण्यापासून तो सुरू झाला, मग सिगारेट गेली आणि च्युइंगगम आलं, पुढे गमही गेलं आणि नुसता पुठ्ठा उरला. आपल्याकडे 1990 च्या दशकात पोरं डब्ल्यूडब्ल्यूएफच्या ट्रम्प कार्डांवर जीव टाकत. रँक, उंची, वजन, छाती, दंड, किती लढती, किती जिंकल्या. आमच्या मुलाला सतराचा पाढा येत नव्हता, पण योकोझुनाचं वजन पौंडात पाठ होतं. ती कार्डं खिशात राहत, डब्यातल्या लोणच्याचं तेल पीत आणि बाकाखालून मास्तरांच्या टेबलावर जात. कव्हर घालण्याइतकी उसंत त्यांना कधी मिळालीच नाही.

तोच मुलगा आता पंचेचाळिशीचा. शेजारचे अमेरिकन गृहस्थ नोकरी संपवून फ्लोरिडाला निघाले, तेव्हा त्यांनी गॅरेजसमोर टेबल मांडून घर विकायला काढलं. त्यात कार्डांचे तीन जाडजूड बाइंडर होते. कोथिंबीर घेताना दोन दुकानांतले भाव फोनवर ताडून बघणारा आमचा मुलगा ते बाइंडर घासाघीस न करता घेऊन आला. नातू हरखला. बाइंडर उघडला आणि सगळं घर मागे सरलं.

वास. नव्या रेनकोटाला येतो तो. फक्त हा रेनकोट तीसपस्तीस वर्षं बंद पेटीत होता. आतली पानं पिवळी पडलेली, लाटा उठलेली, बोट लावलं तर बोट पाहुणचाराला थांबवून घेणारी. प्रत्येक पानात नऊ खिसे आणि खिशाखिशात मिशावाले खेळाडू त्या चिकट्यातून आमच्याकडे बघत होते.

"बाबा, तुम्ही कॅशमध्ये होतात ना?" मुलगा म्हणाला. "कागद हाताळायची सवय आहे तुम्हाला."

बँकेतून निवृत्त झाल्यापासून माझ्या कॅश खात्यातल्या अनुभवाची कुणी दखल घेतल्याचं हे पहिलंच उदाहरण. मी तत्काळ रुजू झालो.

तपास

रोगाचं निदान नातवानं केलं. तो दहा वर्षांचा आहे आणि त्याला सगळं माहीत असतं. त्या काळातली पानं मऊ पीव्हीसीची, म्हणजे पॉलिव्हिनाइल क्लोराइडची. पीव्हीसी मुळात कडक. ते मऊ करायला त्यात थॅलेटसारखी तेलकट रसायनं घालतात. पण ती प्लास्टिकशी रीतसर लग्न लावून आलेली नसतात, नुसतीच राहायला आलेली असतात. वर्षांमागून वर्षं गेली की हळूहळू बाहेर पडतात. पान चिकट होतं, खिशाची आतली बाजू कार्डावरच्या शाईला धरून बसते. शिवाय पीव्हीसी जुनं होता होता त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतं आणि हवेतल्या ओलाव्याशी गाठ पडली की त्याचं आम्ल होतं. नाण्यांच्या संग्राहकांना हे दुखणं चांगलं माहीत आहे. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवलेल्या नाण्यावर हिरवट चिकटा धरतो.

मला हे समजायला रसायनशास्त्र लागलं नाही. मी कितीतरी वर्षं लोकलचा पास प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठाणे-फोर्ट केलेलं आहे. तीन महिन्यांचा पास काढावा, तो पाकिटात सरकवावा, दोन पावसाळी आठवडे घामेजल्या खिशात ठेवावा आणि टीसीनं मागितला की बाहेर ओढावा. हातात कोरा कागद येतो आणि "ठाणे ते मुंबई छशिमट" हे पाकिटाला चिकटून राहतं. टीसीला पास दाखवायचा की पाकीट, हा पेच ज्यानं अनुभवला आहे, त्याला थॅलेट वेगळं शिकवावं लागत नाही.

पण नातवाला पुरावा हवा होता. एखादं प्लास्टिक पीव्हीसी आहे की नाही हे ओळखायची एक खरीखुरी चाचणी आहे, बाइलस्टाइन नावाची. तांब्याची तार ज्योतीत लाल करायची, तिचं टोक प्लास्टिकला लावायचं आणि पुन्हा ज्योतीत धरायचं. ज्योत हिरवी झाली की क्लोरीन आहे. नातू तार घेऊन गॅसपाशी पोचला, तेव्हा सूनबाईंनी त्याला तिथेच अडवलं. "या घरात मिरचीची फोडणी दिली तरी छतावरचा भोंगा वाजतो आणि ॲलार्म कंपनीचा फोन येतो," त्या म्हणाल्या. "त्यांना मी काय सांगू? बेसबॉल प्लेयर जळतोय?" तेव्हा चाचणी नाकानंच करायचं ठरलं. ती माझी खासियत. कॅश खात्यात मासळीबाजारातून आलेली गड्डी मी पट्टी न वाचता ओळखत असे.

खरेदी

नवीन कव्हरं आणायला आम्ही तिघं एका कार्डांच्या दुकानात गेलो. दुकान लहान, पण आत इतकं प्लास्टिक होतं की कार्डं कुठे आहेत हे विचारावं लागलं. काउंटरवरचा तरुण मला उतरंड समजावू लागला, आणि ऐकता ऐकता मला आपली वर्णव्यवस्था फारच सुटसुटीत वाटू लागली.

सगळ्यात खाली पेनी स्लीव्ह. पातळ, लुसलुशीत, शेकड्यानं मिळणारं. त्यावर टॉपलोडर: कडक, पारदर्शक, वरून उघडा. टॉपलोडरमध्ये उघडं कार्ड घालायचं नाही, ओरखडे पडतात. आधी पेनी स्लीव्ह घालायचं आणि मग आत सरकवायचं. म्हणजे आधी बनियन, मग सदरा. टॉपलोडरच्या उघड्या तोंडातून धूळ जाते म्हणून त्यावर आणखी एक पिशवी, चिकटपट्टीवाली. त्याहून वर चुंबकाचा होल्डर: दोन जाड फळ्या, मध्ये कार्ड, टक्कन बंद. तो कार्डाच्या जाडीप्रमाणे घ्यावा लागतो आणि जाडी पॉइंटात मोजतात. एक पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग. साधं कार्ड 35 पॉइंटच्या होल्डरात बसतं. खेळाडूच्या घामट जर्सीचा तुकडा आत चिकटवलेलं कार्ड असलं तर 130 पॉइंटसुद्धा. (होय, जर्सी कापून तुकडे कार्डात घालतात. हिनं हे दोनदा विचारून खात्री करून घेतली.)

"हे प्लास्टिक किती टिकेल?" मी विचारलं.

तरुणानं पाकीट पालथं केलं. "ॲसिड-फ्री, पीव्हीसी-फ्री, आर्कायव्हल सेफ" असं प्लास्टिकनं स्वतःचंच चारित्र्याचं प्रमाणपत्र छापून घेतलं होतं. पॉलिप्रॉपिलीन, पॉलिइथिलीन आणि पॉलिएस्टर ही सज्जन मंडळी. यांना मऊ व्हायला तेल लागत नाही. मी टॉपलोडरचं पाकीट पालथं केलं, तर तिथे हे प्रमाणपत्र नव्हतं. कारण बहुतेक टॉपलोडर पीव्हीसीचेच असतात, फक्त कडक. तेलाशिवायचं पीव्हीसी तेवढं त्रास देत नाही, असं तरुणाचं म्हणणं. एकाच घराण्यातला एक भाऊ दारू पितो आणि दुसरा भजनाला जातो, हे आपण पाहिलेलं असतं. मी आक्षेप घेतला नाही.

शेवटी आम्ही पॉलिप्रॉपिलीनची नऊ खिशांची पानं घेतली, स्लीव्हची पाकिटं घेतली आणि इंग्रजी डी अक्षराच्या आकाराच्या कड्यांचे नवे बाइंडर घेतले. गोल कड्यांच्या बाइंडरमध्ये कडीजवळची कार्डं दाबली जाऊन त्यांवर वळ उठतात. आता हे सगळं न्यायचं कशात? न्यू जर्सीत मे 2022 पासून दुकानात प्लास्टिकची पिशवी देत नाहीत, आपल्याकडे 2018 पासून देत नाहीत तशी (म्हणजे तिथे खरंच देत नाहीत). तेव्हा शेकडो प्लास्टिकच्या पिशव्या आम्ही, पर्यावरणाचा विचार करून, एका कापडी पिशवीतून घरी आणल्या.

शस्त्रक्रिया

हात साबणानं धुवायचे, कोरडे करायचे. हातमोजे नकोत, सुती मोज्याचा धागा कार्डाच्या कोपऱ्यात अडकतो. कार्ड ओढून काढायचं नाही. जुना खिसाच दोन बाजूंनी कापायचा आणि प्लास्टिक उलगडून कार्डापासून सोडवायचं. सुटलेलं कार्ड थोडा वेळ हवेवर ठेवायचं. मग कडेनं धरून, फोटोला बोट न लावता, नव्या स्लीव्हमध्ये.

ओल्या स्पंजला बोट लावून नोटा मोजण्यात माझी हयात गेली. नातवानं मला पहिल्याच कार्डाला बोट जिभेकडे नेताना पाहिलं आणि "आबा, नो!" असा टाहो फोडला की खालच्या मजल्यावरून ही धावत आली. नंतर मात्र माझं काम पाहून तो गप्प बसला. कारण कागदाची जात आणि हाल ओळखणं हे आमचं खानदानी काम. मळलेली नोट, फाटलेली नोट, टाचलेली नोट. 2001 साली रिझर्व्ह बँकेनं गड्ड्यांना स्टेपल मारणं बंद करायला लावलं, त्याआधी आम्ही महात्मा गांधींना रोज किती वेळा टोचलं असेल याचा हिशेब वरच्या दरबारातच होईल. रबराचं दुःखही मला ठाऊक होतं. एका बाइंडरच्या मागच्या कप्प्यात रबरबँड लावलेली एक चळत निघाली. रबर वाळून तुकड्या-तुकड्यांनी कार्डाला चिकटलं होतं, आणि पहिल्या नि शेवटच्या खेळाडूच्या कमरेला कायमची खाच पडली होती.

त्या तीन बाइंडरांच्या जोडीला, चार स्क्रू लावलेली एक जाड काचेसारखी चौकटही मिळाली होती. एकेकाळी हा म्हणे सर्वोत्तम बंदोबस्त होता. धन्यानं कार्ड जपायचं म्हणून स्क्रू इतके प्रेमानं आवळले होते की कार्ड पार चपटं होऊन एका फळीला चिकटलं होतं. असल्या दाबलेल्या कार्डाला तपासनीस नापास करतात. ही चौकट टेबलावर ठेवून मी काही वेळ तिच्याकडे बघत बसलो. आमच्या वडिलांनी मला असंच वाढवलं होतं.

तपासनीस

तपासनीस म्हणजे ग्रेडिंगवाले. कार्ड त्यांच्याकडे पाठवायचं, ते भिंगाखाली धरून एक ते दहा गुण देतात, आणि कडक प्लास्टिकच्या डबीत कायमचं सील करून परत पाठवतात. या डबीला स्लॅब म्हणतात. दहापैकी दहा हवे असतील तर फोटोभोवतीची पांढरी कड डावी-उजवी जवळपास सारखी हवी, चारही कोपरे टोकदार हवेत, पृष्ठभाग स्वच्छ हवा. आम्ही बँकेत दोनच शेरे देत होतो: "चालेल" आणि "पलीकडच्या खिडकीत जा". देश त्यावर चालला.

या शाळेचा पहिलाच विद्यार्थी मोठा गुणी. पीएसए ही कंपनी 1991 साली सुरू झाली आणि तिनं पहिला क्रमांक ज्याला दिला, ते कार्ड होतं होनस वॅग्नर या खेळाडूचं, सिगारेटच्या जमान्यातलं. ते त्याच वर्षी आइस हॉकीचा सम्राट वेन ग्रेट्स्की आणि त्याच्या भागीदारानं साडेचार लाख डॉलरला घेतलं होतं. पीएसएनं त्याला दहापैकी आठ दिले. 2013 साली, ज्यानं ते कार्ड पूर्वी विकलं होतं त्या लिलाववाल्यानं कबूल केलं की कडा छान दिसाव्यात म्हणून आपण त्या कापल्या होत्या. ठाण्याच्या शाखेत अशी कडा कापलेली नोट कुणी आणली असती तर आम्ही त्याच्याकडून अर्ज भरून घेतला असता आणि मॅनेजरसाहेबांकडे बसवलं असतं. तिथे मात्र त्या कार्डाची कीर्ती आणखी वाढली.

आता गंमत अशी की स्लॅब म्हणजे कव्हरांचा कळस, पण स्लॅबलाही ओरखडे पडतात. म्हणून स्लॅबसाठी वेगळी स्लीव्ह मिळते. ती घातलेला स्लॅब आपटू नये म्हणून रबरी कडांचा बंपर मिळतो. बंपर घातलेले स्लॅब ठेवायला फोमचे खाचे पाडलेली सुटकेस मिळते. आणि सुटकेसला वॉटरप्रूफ कव्हर असतंच. स्लॅब जुना, पिवळा, चरे पडलेला झाला, तर कंपनीकडे पाठवून, शुल्क भरून नव्या डबीत घालून घेता येतं. म्हणजे मी स्वयंपाकघराच्या टेबलावर फुकट करत होतो, तेच.

पण तेही लगेच करू नये. नाण्यांच्या जगात पीसीजीएस या कंपनीनं 1986 मध्ये नाणी डबीत सील करायला सुरुवात केली. पहिल्या डब्या जरा सैल होत्या, हलवलं की आतलं नाणं खुळखुळायचं. कंपनीनं पुढे डबी सुधारली. आज काही संग्राहक त्या जुन्या खुळखुळ्या डब्याच शोधत फिरतात आणि त्यांना जास्त पैसे मोजतात. आत नाणं कुठलं, ही चौकशी नंतर. इथे संग्रहाचं वर्तुळ पूर्ण झालं: वस्तू जपायला कव्हर घेतलं, आता कव्हर जपायला कव्हर घ्यायचं.

मी हे हिला सांगितलं. त्यावर नातवानं तिला फोनवर दाखवलं की एका अमेरिकन यूट्यूबवाल्यानं पिकाचूचं एक दुर्मिळ कार्ड साडेबावन्न लाखांहून जास्त डॉलर मोजून घेतलं आणि 2022 च्या रेसलमेनियामध्ये ते स्लॅबसकट साखळीत ओवून गळ्यात घालून तो कुस्तीला उतरला. ही बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. "वजन किती असेल?" तिनं विचारलं. कार्डाचं नव्हे, साखळीचं.

आईचा हातभार

काम अर्ध्यावर आलं तेव्हा माझ्यातला कॅशियर जागा झाला आणि मी हिशेब मांडला. नऊ खिशांचं एक पान, नऊ स्लीव्ह, बाइंडरचा वाटा. दुसऱ्या बाजूला त्या नऊ कार्डांची बाजारातली किंमत. नातवानं फोनवरून एकेक भाव काढून दिला. कव्हरं कार्डांपेक्षा महाग निघाली. एका पानावर तर नऊच्या नऊ खेळाडूंची मिळून किंमत एका टॉपलोडरइतकीही भरेना. बँकेत अशा कर्जाला मी सही केली नसती.

कारण साधं आहे. आमचे बाइंडर 1980 च्या दशकाच्या अखेरचे आणि 1990 च्या सुरुवातीचे. अमेरिकेत त्या काळाला "जंक वॅक्स"चा काळ म्हणतात, कारण कार्डं मेणकागदाच्या पाकिटात येत आणि आता ती रद्दीच्या भावानं जातात. त्याआधी पेपरांतून बातम्या आल्या होत्या की लहानपणीची कार्डं हजारो डॉलरला विकली जाताहेत. मग अख्ख्या देशानं ठरवलं की आता आपण फसायचं नाही. कंपन्यांनी गोण्या भरभरून कार्डं छापली, लोकांनी खोकी भरभरून घेतली, एकानंही ती सायकलच्या चाकात लावली नाहीत, एकानंही खिशात कोंबली नाहीत. सगळ्यांनी सगळी जपली. आणि सगळ्यांकडे सगळी आहेत म्हटल्यावर ती घेणार कोण?

मग महाग झाली ती जुनी का? तर अमेरिकन संग्राहक याचं श्रेय एकमुखानं आईला देतात. 1950 च्या दशकातली मुलं कार्डं सायकलच्या चाकात चिमट्यानं लावून फटफटीचा आवाज काढत. उरलेली बुटाच्या खोक्यात ठेवून कॉलेजला किंवा सैन्यात जात, आणि इकडे आई खोली झाडायला घेई. खोकं कचऱ्यात. चाळीस वर्षांनी तोच मुलगा आपल्या बायकोला सांगतो की आईनं टाकलं नसतं तर आज आपलं घर फिटलं असतं. पण हिशेब उलटा आहे. सगळ्यांच्या आयांनी टाकली, म्हणून तर उरलेल्यांना भाव आला. अर्थशास्त्रात ज्याला पुरवठ्याचं नियंत्रण म्हणतात ते काम त्या माउल्यांनी केरसुणीनं केलं.

यातली सगळ्यात मोठी आई म्हणजे टॉप्स कंपनी. तिच्या 1952 च्या मालिकेचा शेवटचा भाग उशिरा बाजारात आला. हंगाम सरला होता, पोरांचं लक्ष फुटबॉलकडे वळलं होतं. माल गोदामात पडून राहिला. ती कार्डं घडवणारे साय बर्गर पुढे सांगत की त्यांनी ती जत्रावाल्यांना कवडीमोलानं द्यायचा प्रयत्न केला, कुणी घेईना, तेव्हा 1960 साली खोकीच्या खोकी कचऱ्याच्या बार्जवर चढवून अटलांटिकमध्ये बुडवली. त्याच भागात मिकी मॅन्टल या खेळाडूचं कार्ड होतं. त्याची एक देखणी प्रत ऑगस्ट 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला विकली गेली. या किमतीत कागदाचा वाटा किती, खेळाडूचा किती आणि अटलांटिक महासागराचा किती, हे कुणी फोड करून सांगत नाही. माझ्या मते समुद्राला निम्मे तरी द्यावे लागतील.

आणि ज्या माणसानं कार्डं खरोखर जपली, त्यानं कव्हराचा विचारच केला नाही. सिराक्यूजचे जेफरसन बर्डिक. विजेच्या सामानाच्या कारखान्यात काम करायचे, लग्न केलं नाही, संधिवातानं बोटं वाकडी झालेली. आयुष्यभर त्यांनी तीन लाखांहून अधिक कार्डं आणि छापील कागद गोळा केले. त्यात बेसबॉलचीच तीस हजारांच्या घरात. हा सगळा संग्रह त्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला आणि तिथे बसून, वर्षानुवर्षं, एकेक कार्ड वहीच्या पानावर डिंकानं चिकटवलं. होय, चिकटवलं. काम संपवून ते जानेवारी 1963 मध्ये म्युझियममधून बाहेर पडले आणि दोन महिन्यांनी वारले. आजच्या ग्रेडिंगवाल्यांना ही गोष्ट सांगितली तर त्यांना पाणी पाजावं लागेल. पण त्या वह्या आजही म्युझियममध्ये आहेत, आणि "विकायचं आहे का?" असं त्यांना कुणी विचारत नाही. कार्डाला इतकं सुरक्षित ठेवणारं प्लास्टिक अजून निघालेलं नाही.

निकाल

तरीही मी काम पूर्ण केलं. कॅश खात्यात नोट एकची असो की पाचशेची, मोजणी तशीच करावी लागते. तिन्ही बाइंडर आता उभे आहेत, तळघरातल्या ओलीपासून आणि माळ्यावरच्या उन्हाळ्यापासून दूर, हॉलमधल्या कपाटात. बुटांच्या खोक्यातून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या कपाटाच्या कोपऱ्यात ठेवल्या आहेत. नातवाच्या चकचकीत पोकेमॉन कार्डांना त्यांची जास्त गरज. एका बाजूला धातूची झिलई, दुसऱ्या बाजूला ओल पिणारा कागद, त्यामुळे दमट हवेत ती पन्हाळीसारखी वळतात. ठाण्याच्या जुलैत या पोरांचं काय होईल, या विचारानं त्यानं ती भारतात न्यायचा बेत रद्द केला.

जुनी चिकट पानं टाकायला निघालो तर ही आडवी आली. "धुऊन घेतली तर चालतील," ती म्हणाली. नातवानं तिला थॅलेटवर व्याख्यान दिलं. ते तिनं शांतपणे ऐकलं आणि मग उरलेल्या नव्या टॉपलोडरांवर हात ठेवला. त्यात तिचं आधार कार्ड बसतं. किंचित सैल, पण बसतं. आधार पूर्वी कागदाचं होतं, तेव्हा तिनं ते लॅमिनेट केलं होतं. 2020 मध्ये सरकारनंच पीव्हीसीचं आधार कार्ड काढलं, तेव्हा तिनं तेही मागवलं आणि प्लास्टिकच्या पाकिटात घातलं. आता पाकिटासकट टॉपलोडरमध्ये. नातवानं ते दिव्याखाली धरून तपासलं. "सेंटरिंग दहा, कोपरे दहा," तो म्हणाला. मग फोटोकडे बघून थोडा घुटमळला. "आजी, पृष्ठभाग दोन."

माझ्यापुढे मात्र वेगळाच प्रश्न आहे. आमच्या बाइंडरांना भाव यायचा तर त्याच सालचे बाकीचे बाइंडर नष्ट व्हायला हवेत. टॉप्सकडे समुद्र होता, माझ्याकडे संध्याकाळचा फेरफटका आहे. तळ्याकाठच्या बाकांवर मुलांकडे आलेले आमच्यासारखे बरेच आजोबा जमतात. त्यांच्याही घरी, तळघरात, कुणी ना कुणी असे बाइंडर आणून ठेवलेले आहेत. मी हल्ली त्यांना रोज सांगतो, जुनं पीव्हीसी फार वाईट, श्वासाला बरं नाही, नातवंडं लहान आहेत, कशाला ठेवता घरात, देऊन टाका कचऱ्यात. नागपूरचे एक गृहस्थ, महालेखाकार कार्यालयातून निवृत्त झालेले, सगळं शांतपणे ऐकून घेतात.

काल त्यांनी काठी बाकाला टेकवली आणि म्हणाले, "तुमचं म्हणणं पटते हो. तुम्ही तुमचे टाका पहिले. पावती घेऊन या, मग मी माझे टाकतो."